पणजीचं माहेर : शोधाच्या नोंदी

१० सप्टेंबर २०२४, मंगळवार (गावी, ता. संगमेश्वर)

आज गौरी आल्या. पाणवठ्यावरून गौर घेऊन आम्ही बायका घरी पोचलो, तर ओटीवर चुलतभावाने यंदा करून आणलेला फ्लेक्स टांगलेला. भावकीची वंशावळ. वर मूळपुरुष, खाली आठ पिढ्यांच्या फांद्या. दोन महिने खपून केलंय त्याने, आणि काम चोख आहे. मी बाबांचं नाव शोधलं, त्यांच्या वर आजोबा, त्यांच्या वर पणजोबा गणू. सबंध झाडावर एकाही बाईचं नाव नाही.

"गणूआजोबांची बायको कोण रे?"

"सगुणा."

"कुठली?"

तो काकीकडे बघायला लागला, काकी बाबांकडे. बाबा म्हणाले, "राजापूरकडची, असं ऐकलंय." ती वारली तेव्हा ते शाळकरी होते. त्यापलीकडे कुणाला काही सांगता येईना.

ज्या घरात गौर माहेरपणाला येते म्हणून तांदूळ निवडून भाजी चिरून ठेवतात, त्याच घरात सत्तर वर्षांमागे चूल सांभाळणाऱ्या बाईचं माहेर कुणाला माहीत नाही. मला हे फार लागलं. रात्री वही काढली. प्रश्न दोनच लिहिले : पणजीचं माहेर कुठलं? आणि लग्नात नाव बदलायच्या आधी तिचं नाव काय होतं?

१५ सप्टेंबर, रविवार (मुंबई)

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली खोली पुनर्विकासासाठी रिकामी केली तेव्हा काकाने आजोबांची ट्रंक माझ्याकडे पाठवली होती. वर्षभर ती माळ्यावर होती. आज उतरवली.

निघालं ते असं : खोलीच्या भाडेपावत्यांचा गठ्ठा, दोऱ्याने बांधलेला. गिरणीची दोन हजेरीकार्डं. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारीख १ जून १९१९. (१ जून म्हणजे मास्तरांनी घातलेली तारीख. त्या पिढीत निम्मी मुलं १ जूनला जन्मली आहेत, त्यामुळे वर्षसुद्धा एखाददुसरं मागेपुढे धरायचं.) दाखल्यावर आईच्या नावाचा रकाना नाही. आणि एक मोडीतला कागद, चार घड्या घातलेला, घडीवर फाटलेला. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. खाली अंगठा आहे, एवढं कळतं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायचा निर्णय झालाय. हा दाखला हातात धरून बसल्यावर त्या निर्णयाची किंमत कळते.

२२ सप्टेंबर, रविवार

काकाकडे म्हाळ. आजचा दिवस कामाचा ठरला.

भटजी संकल्प सांगताना नावं विचारतात : बाप, आजा, पणजा. मग आई, आजी, पणजी. आणि मग मातामह, म्हणजे आईचा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. काका मातामहांपाशी अडखळला, दोन नावं सांगितली आणि तिसऱ्याला "नाव माहीत नाही" म्हणाला. मी मागे बसून ऐकत होते आणि एकदम डोक्यात आलं : आजोबांनी म्हाळ घातला तेव्हा त्यांचे मातामह म्हणजे पणजीचा बाप! दरवर्षी या दिवसांत ते नाव आमच्या घरात मोठ्याने घेतलं जात होतं. आजोबा १९९४ ला गेले, तोवर.

जेवणं झाल्यावर भटजींना विचारलं. ते म्हणाले, घरी लिहून ठेवलेलं नसेल तर तीर्थाच्या ठिकाणी बघा. अस्थी घेऊन गेले असतील तर तिथल्या उपाध्यांच्या चोपडीत नावं घालून घेतात. बाबांना आठवलं, आजोबा पणजीच्या अस्थी नाशिकला घेऊन गेले होते, येताना मनुका आणल्या होत्या. साल? "त्रेसष्ट असेल."

२४ सप्टेंबर, मंगळवार

वॉर्ड ऑफिसात मृत्यूच्या नोंदीसाठी अर्ज केला. १९६३ चं रजिस्टर बघितलं गेलं. नोंद नाही. अनुपलब्धतेचा दाखला हवा का, असं विचारलं. नको म्हटलं. आपलं साल चुकलंय, असं मला वाटतंय.

२९ सप्टेंबर, रविवार

लालबागला आत्याआजीकडे. आजोबांची सगळ्यांत धाकटी बहीण, वय अठ्ठ्याऐंशी. पणजीच्या पोटची आता ही एकटीच.

तिला साल विचारण्यात अर्थ नसतो. तिचं कॅलेंडर वेगळं आहे, आणि मला ते सरकारी कॅलेंडरपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. मी वहीत पट्टी आखून नेली होती : गोदीतला स्फोट, १४ एप्रिल १९४४. रामदास बोट, १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. पानशेत, १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. एकेक विचारत गेले.

गोदीच्या स्फोटाला ती आठ वर्षांची. "भांडी खाली पडली फळीवरनं. आय म्हणाली, धरणीकंप झाला." रामदासला तिच्या मोठ्या भावाच्या ओळखीचे दोघं गेले. सहाशेहून जास्त माणसं बुडाली त्या बोटीत, आणि चाळीत दर मजल्यावर कुणी ना कुणी रडत होतं.

"आणि आय गेली तेव्हा?"

"पाणशेत फुटलं नाय का, त्याच पावसात. लोकं पुण्याला कपडे पाठवीत होती. आयचं लुगडं मी दिलं त्यात, ती जाऊन आठ दिस झाले होते."

म्हणजे १९६१. दोन वर्षांची चूक.

माहेराबद्दल तिला एवढंच : राजापूरकडचा एक माणूस यायचा, फणसाची साठं घेऊन. मामा म्हणायचे त्याला. ती दहा-बारा वर्षांची झाली आणि तो यायचा बंद झाला. गावाचं नाव कधी ऐकलं नाही. "आय माहेराबद्दल बोलायचीच नाय. वेळ कुठे होता? दोन पाळ्यांची माणसं जेवायला होती आमच्याकडं." पणजी खोलीत खानावळ चालवायची हे मला आज कळलं. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, त्यात घरची सात माणसं आणि वर बारा जेवणारे.

निघताना आत्याआजीने सहज सांगितलं, आयच्या कानाच्या वरच्या पाळीला भोकं होती. बुजू नयेत म्हणून त्यात ती खराट्याची काडी घालून ठेवायची. "विचारलं तर म्हणायची, बुगड्या येणार हायेत."

८ ऑक्टोबर, मंगळवार

१९६१ च्या रजिस्टरात सापडली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. सगुणाबाई, नवऱ्याचं नाव, चाळ क्रमांक, वय ६३. निळ्या शाईतली एक ओळ. माहेर नाही, बापाचं नाव नाही. पण आता साल पक्कं झालं आणि जन्म साधारण १८९८ चा धरता येतो. म्हणजे मुंबईत प्लेग आला त्याच्या आगेमागे ती कोकणात जन्मली.

कुणी हे काम सुरू करणार असेल तर माझं सांगणं एकच, ऑफिसात जायच्या आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे जा. मी उलट केलं आणि एक फेरी वाया घालवली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दादर पूर्वेला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात सकाळ घालवली. १८९८ साली सुरू झालेली संस्था. पणजीच्याच वयाची म्हणायची. कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याचे छापील इतिहास, मागून घेतले आणि ओळीने चाळले.

माझा एक समज आज गळून पडला. वंशावळीत बायका नसतातच, असं मी धरून चालले होते. पण चांगल्या कुलवृत्तांतांत प्रत्येक पुरुषाच्या नोंदीत बायकोचं सासरचं नाव, माहेरचं नाव, ती कुणाची मुलगी आणि कुठल्या गावची, हे दिलेलं असतं. मुली कुठे दिल्या तेही. तेव्हा "पूर्वी लिहीतच नव्हते" हे खरं नाही. ज्या घरांत लिहिणारी माणसं होती आणि छापायला पैसे होते, त्यांनी लिहिलं. आमच्याकडे खोताची कुळं आणि गिरणीतले बदली कामगार. आमची नावं लिहिली ती खोताच्या बोटखतात (कुळांच्या नोंदवहीत), तलाठ्याच्या चावडीत आणि सावकाराच्या वहीत, म्हणजे ज्याला आमच्याकडून काही यायचं होतं त्याच्याकडे. आपल्यासारख्यांनी तिथेच शोधायला हवं.

२७ ऑक्टोबर, रविवार

मोडीच्या वर्गात नाव घातलं. रविवारी सकाळी दोन तास, पंधरा जण. निम्मे लोक कुणबी नोंदी शोधायला आलेत, कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली, आज्याची नोंद स्वतःला वाचता यावी म्हणून. एक वकील आहेत, एक निवृत्त तलाठी.

२४ नोव्हेंबर, रविवार

पाच रविवार झाले. मोडीबद्दल मला जे कळलं ते लिहून ठेवते.

आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरं लोंबकळत न्यायची. बोरू उचलायचा नाही. शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे अक्षरं ओळखता आली तरी वाक्य लागत नाही. आधी वाक्य कसं असणार हे ठाऊक असावं लागतं, मग अक्षरं दिसायला लागतात. दस्तांचे मायने ठरलेले असतात, ते पाठ केले की निम्मं काम होतं.

दोन शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. गणू बिन भिकू. आणि "कोम" म्हणजे अमक्याची बायको. आमच्यासारख्यांना जुन्या कागदांत आडनावं नसतात. मुंबईत गिरणीत किंवा शाळेत नाव घालताना गावाच्या नावाला "कर" लावलं आणि ते आडनाव झालं. त्यामुळे जुन्या कागदांत आडनाव धरून शोधलं की हात हलवत परत यावं लागतं. बिन आणि कोम धरून शोधायचं.

आज ट्रंकेतला कागद वर्गात नेला. सरांनी तो काचेखाली ठेवला, वाचला नाही. मला म्हणाले, तुम्हीच वाचा. पाऊण तास लागला.

पहिल्या ओळीत शके १८५०, आषाढ. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९२८. मग "गणू बिन भिकू वस्ती मुंबई". मग बराच वेळ मी एका अक्षरापाशी अडले होते, ते "स" निघालं, आणि त्याच्यापुढची ओळ सरसर उलगडली : "सगुणा कोम गणू ईचे अंगावरील सोन्याच्या बुगड्या जोड १ गाहाण ठेऊन".

गिरण्यांचा तो मोठा संप एप्रिल १९२८ ला सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. सहा महिने पगार नाही. आषाढ म्हणजे संपाचा तिसरा-चौथा महिना. बुगड्या गहाण टाकल्याची ही चिठ्ठी. पैसे फिटले असते तर सावकाराने पाठीवर फेडीची ओळ लिहिली असती. पाठ कोरी आहे.

तेहतीस वर्षं तिने कानात काडी घालून भोकं उघडी ठेवली.

वर्गात कुणी काही बोललं नाही. त्या निवृत्त तलाठ्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

१२ डिसेंबर, गुरुवार

रजा घेऊन पुराभिलेखागारात. काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. मुंबई सरकारचा हा दप्तरखाना १८२१ साली निघाला. अर्ज, ओळखपत्र, पेन्सिल. शाईचं पेन आत चालत नाही. सूचीचे खंड बघत दिवस गेला.

इथे पणजीचं नाव मिळणार नाही हे जाताना माहीत होतं, आणि मिळालं नाही. इथे खाती आहेत : महसूल, न्याय, सार्वजनिक बांधकाम. कुळांची नावं तालुक्याला असतात. पण जिच्याबद्दल शोधतोय ती कुठल्या दुनियेत राहत होती, हे समजून घ्यायला असं ठिकाण दुसरं नाही. आमच्या चाळी बांधणारं डेव्हलपमेंट खातं १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या काळात निघालं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या. भाडं परवडेना म्हणून सुरुवातीला पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या होत्या आणि कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा तुरुंग केला गेला. बारा जेवणारे का ठेवावे लागले, ते या भाड्याच्या हिशोबातून कळतं.

वाटेत एशियाटिकच्या पायऱ्या चढून रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअर, १८८० चं, पुन्हा चाळलं. माणसं पोट भरायला मुंबईला जातात हे त्यात तेव्हाच नोंदवलेलं आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

रात्री फॅमिलीसर्चवर खातं उघडलं. अमेरिकेत युटा इथे १८९४ साली निघालेल्या वंशावळ सोसायटीचं हे आजचं रूप, शोध फुकट आहे. हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्यांची छायाचित्रं त्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली आहेत, हरिद्वारची विशेष. आमच्या कामाचं मला काही मिळालं नाही. ब्रिटिश काळातल्या कुटुंबांसाठी इंग्लंडमध्ये फिबिस म्हणून संस्था आहे, १९९८ ची, पण तिचा भर तिकडून इकडे आलेल्यांवर. नाशिकला स्वतःच जायचं.

१८ जानेवारी २०२५, शनिवार (नाशिक)

पहाटेच्या गाडीने बाबा आणि मी. साडेदहाला रामकुंडावर. पहिल्याच माणसाला "रत्नागिरी जिल्हा, संगमेश्वर" एवढं म्हटलं, त्याने आडनाव विचारलं आणि पंचवटीतल्या एका वाड्याची वाट दाखवली. गावं आणि घराणी उपाध्यांच्यात वाटलेली आहेत, आणि ती वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. सूची वगैरे काही नाही. सगळं त्यांच्या तोंडी.

उपाध्ये सत्तरीचे. त्यांनी आमचं गाव पुन्हा एकदा विचारलं, आत गेले, आणि लाल कापडात गुंडाळलेली लांबट चोपडी घेऊन आले. वरून खाली उघडते ती, वहीसारखी आडवी नाही. कडा तेलकट, पानं पिवळी पण दमदार. जुनी पानं मोडीत, पुढची बाळबोध. मी मोडी वाचतेय म्हटल्यावर त्यांनी चोपडी माझ्याकडे फिरवली आणि थोडा वेळ कौतुकाने बघत राहिले.

आमच्या गावची पानं एकोणीस. बाराव्यावर शके १८८३, श्रावण. आजोबांचं अक्षर! बाबांनी लगेच ओळखलं, ते "र" आणि "व" सारखेच काढायचे. उपाध्यांचा प्रघात असा की ज्याला लिहिता येतं त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं. आईच्या अस्थी घेऊन आलो. स्वतःचं नाव, बापाचं, आज्याचं, भावांची, मुलांची. बाबांचं नाव त्यात होतं, वय ११. आणि त्याखाली वेगळी ओळ :

"मातामह राघो बिन सोनू, मौजे" आणि गावाचं नाव, "तालुके राजापूर."

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, तिथे आता माणसं नांदताहेत आणि त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं नाही. पण ते स्वच्छ वाचता येतं. बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. आपल्या बापाने लिहिलेली ओळ ते चौसष्ट वर्षांनी वाचत होते.

पणजीचं माहेरचं नाव मात्र चोपडीतही नाही. तिथेही ती सगुणाच.

आम्ही आमची नोंद घातली. आजची तारीख, बाबांचं नाव, आईचं, माझं, माझ्या मुलीचं. उपाध्ये म्हणाले, मुलींची नावं हल्ली सगळेच घालतात. मी आईच्या नावापुढे तिचं माहेर लिहिलं, आजीच्या पुढे आजीचं, आणि पणजीच्या नावापुढे राघोचं गाव.

१० फेब्रुवारी, सोमवार (राजापूर)

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज दिला. काय मागायचं याचा विचार पंधरा दिवस केला होता. सातबारावर आजचे मालक असतात, जुनी माणसं फेरफारात सापडतात. कुणी मेलं, कुणी विकलं, वाटण्या झाल्या, प्रत्येकाचा एक फेरफार, त्यात वारसांची नावं. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं वारसांत यायला लागली ती मुख्यतः १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर. पणजी १९६१ पर्यंत जिवंत. म्हणजे मधल्या पाच वर्षांत तिच्या माहेरी कुणी वारलं असेल तर तिचं नाव कागदावर चढण्याची शक्यता. खिडकी अरुंद आहे, पण नशीब बघायला हरकत नाही. "राघो बिन सोनू" हा धागा देऊन १९५६ ते १९६१ चे फेरफार मागितले.

नोंदवह्यांची पानं इतकी ठिसूळ की मधलं एक पान नुसतं उलटताना कोपरा हातात आला. हे लवकर स्कॅन व्हायला हवं, उद्या नाही, आजच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नक्कल मिळाली. कचेरीच्या बाहेर रिक्षात बसून वाचली.

१९५९ चा फेरफार. राघोचा मुलगा निपुत्रिक वारला, बायको आधीच गेलेली. वारस : बहिणी दोन. पहिलीचं नाव वेगळंच. दुसरी : "येसू भ्र. गणू, रा. मुंबई". भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. पुढे नवऱ्याचं गाव, आमचं गाव, तालुका संगमेश्वर.

येसू.

त्याखाली तलाठ्याचा शेरा, दोघी बहिणींनी चुलतभावाच्या नावे हक्क सोडला म्हणून. तिचा अंगठा या नकलेत उतरलेला नाही, फक्त "नि. डा. अं." एवढी अक्षरं, निशाणी डावा अंगठा. म्हणजे ती १९५९ साली एकदा तरी इथे येऊन गेली. घरी कुणाला माहीत नव्हतं.

गाव जुळलं, बाप जुळला, नवरा जुळला. एक शंका मी वहीत लिहून ठेवली : सगुणा आणि येसू एकच, याला कागदाचा पुरावा नाही. बहिणी दोनच, आणि गणू नावाचा नवरा आमच्या गावचा. दुसरा गणू असू शकतो का? फ्लेक्स बघितला. त्या पिढीत भावकीत गणू एकच.

२ मार्च, रविवार

आत्याआजीकडे. मी नीट क्रमाने सांगायचं ठरवून गेले होते : चोपडी, मग कचेरी, मग नाव. बसल्या बसल्या माझ्या तोंडून निघालं, "आत्याआजी, येसू कोण गं?"

तिने भाजी निवडायची थांबवली.

"मामा हाक मारायचा," ती म्हणाली. "दारातनं. येसू, अगे येसू. मला वाटायचं, बाजूच्या खोलीतल्या बाईला बोलावतोय. आणि आय उठायची." मग बराच वेळ ती नुसती बसून होती. "आयच उठायची."

वहीतली शंका खोडली.

बुगड्यांची चिठ्ठी तिला दाखवायची की नाही, हे मी नोव्हेंबरपासून ठरवू शकत नव्हते. आज दाखवली, वाचून दाखवली. तिने कागद हातात घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला. मग कपाटातून एक खण काढला, हिरवा, जुन्या घडीचा. "शिमग्याला जातेस तिकडं, तर पालखीची ओटी भर. आयनं भरली नाय कधी. निदान आम्ही झाल्यावर तरी नाय भरली."

१६ मार्च, रविवार (ता. राजापूर)

फोन आधी केला होता. त्या चुलतभावाचा नातू घरी होता, माझ्याच वयाचा. त्याला येसू हे नाव माहीत नव्हतं, पण "मुंबईची आत्या सही करायला आली होती" असं त्याच्या आजीने सांगितलेलं त्याला आठवत होतं. त्याच्या आईने आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं आणि गूळ हातावर ठेवला, माहेरवाशिणीला देतात तसा.

पडवीच्या मागे जुनं जोतं आहे, राघोच्या घराचं. चिऱ्याचे तीन थर, मध्ये उगवलेला फणस. बाबा त्या जोत्यावर बसले.

पालखी दुपारी साडेतीनला दारात आली. ढोल, मग शांतता. सोबतच्या बायकांनी आधी ओट्या भरल्या. माझी पाळी आली तेव्हा मी खण, नारळ आणि तांदूळ पुढे केले. गुरवाने गाऱ्हाण्यासाठी हात जोडले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कुणाची ओटी म्हणून सांगू?"

"येसूची," मी म्हटलं. "राघोच्या येसूची."

त्याने तसंच सांगितलं.